दफनाच्या वहीची साक्ष

मी नववींत शिकत असतांना, नाताळच्या आठवड्यांत, माझ्या थोरल्या बहिणीस पहिला मुलगा झाला. आमचें घर त्या वेळीं इंदापूर तालुक्यांतील एका खेड्यांत होतें. उजनीच्या पाण्यावरून येणारा वारा त्या दिवसांत अंगास झोंबतो. बाळंतपण घरींच झालें. जमलेल्या वडीलधाऱ्या बायांनीं रीतीप्रमाणें बाळास लागलीच न्हाऊं घातलें. आणि आईचें पहिलें दूध बाळास पचत नाहीं अशा समजुतीनें तीन दिवस बोटानें गुळाचें पाणी चाटविलें. चवथ्या दिवशीं बाळ गेलें. त्या बायांस कोणीं दोष दिला नाहीं, व आजहि मी देत नाहीं. त्यांनीं सर्व कांहीं प्रेमानेंच केलें होतें. माझी आजी त्या वेळीं इतकेंच म्हणाली, "माझीं सात लेंकरें याच रीतीनें वाढलीं. देवाची इच्छा!"

पुढें मी शिक्षक झाल्यावर एका दाखल्याच्या निमित्तानें मला आमच्या मंडळीच्या जुन्या वह्या चाळाव्या लागल्या. ख्रिस्ती मंडळींत बाप्तिस्म्याची एक वही असते व दफनाची एक वही असते. बाप्तिस्म्याच्या वहींत माझ्या वडिलांचें व त्यांच्या सहा भावंडांचीं नांवें सांपडलीं. सात लेंकरें, आजीचा हिशेब बरोबर होता. मग सहज दुसरी वही उघडली. तींत आजोबांच्या नांवापुढें दोन नोंदी होत्या. मुलांस नांवें नव्हतीं. एकीपुढें वय पांच दिवस व दुसरीपुढें वय दोन दिवस, एवढेंच लिहिलें होतें. आजी खोटें बोलली नव्हती. जीं वाढलीं तीं तिनें मोजलीं. जीं गेलीं तींहि त्या रीतीच्या हिशेबांत धरावयाचीं असतात, हें तिला कोणीं सांगितलेंच नव्हतें.

विद्यार्थी मित्रहो, या दोन वह्या शेजारीं शेजारीं ठेवून वाचण्याचें जें शास्त्र आहे, त्याची ओळख करून देण्यासाठीं हा लेख लिहीत आहें. वैद्यकशास्त्रांत त्यास 'पद्धतशीर आढावा' असें म्हणतात. एखाद्या उपचाराविषयीं जगांत जितके प्रयोग झाले असतील तितके सर्व, मनासारखे व मनाविरुद्ध, धुंडाळून काढावयाचे; त्यांची पारख करावयाची; आणि सर्वांचा मिळून एक हिशेब मांडावयाचा, हें त्याचें थोडक्यांत स्वरूप होय.

आपण व्यवहारांत नेहमीं याच्या उलट वागतों. बाजाराच्या दिवशीं संधिवाताचें औषध विकणारा गृहस्थ गुण आलेल्या दहा माणसांचीं नांवें पटापट सांगतो. मोबाईलवर येणारे संदेशहि त्याच धर्तीचे असतात. ज्यास गुण आला नाहीं तो त्या दुकानाकडे पुन्हां फिरकत नाहीं, आणि जो दगावला तो तर बोलतच नाहीं. म्हणजे साक्षीदार सारे एकाच पक्षाचे! शिवाय सर्दी, ताप, पाठदुखी असे पुष्कळ विकार आपले आपणच बरे होतात; श्रेय मात्र अखेरच्या दिवशीं घेतलेल्या औषधास मिळतें. गांवच्या पंचांनीं एकाच बाजूचें ऐकून निवाडा केला तर आपण त्यास अन्याय म्हणतों. औषधाच्या बाबतींत तोच अन्याय आपण रोज करितों, आणि त्याची शिक्षा घरांतील सर्वांत दुबळ्या जिवास भोगावी लागते.

हा अन्याय टाळण्याचा मार्ग एका नौकावैद्यानें दाखविला. इ. स. १७४७ मध्यें जेम्स लिंड या स्कॉटिश वैद्यानें 'सॅलिस्बरी' नांवाच्या जहाजावर स्कर्व्ही रोगानें पीडलेले १२ खलाशी निवडले, त्यांच्या दोघांदोघांच्या सहा जोड्या केल्या, व प्रत्येक जोडीस निराळा उपचार दिला. संत्रीं व लिंबें ज्यांना मिळालीं ते दोघे सर्वांआधीं बरे झाले. ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते. परंतु १७५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत लिंडनें आणखी एक काम केलें होतें, त्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. त्या रोगाविषयीं तोंपर्यंत लिहिलें गेलेलें जें जें त्याला मिळालें, तें तें सर्व त्यानें एकत्र करून पारखलें. आजच्या आढाव्याचें बीज तेथें दिसतें.

लिंडच्या रीतींत पुढें एक मोठी सुधारणा झाली. कोणत्या रोग्यास नवें औषध द्यावयाचें व कोणास जुनें, हें डॉक्टरानें न ठरवितां चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचें. याचें कारण उघड आहे. डॉक्टर कितीहि प्रामाणिक असला, तरी ज्याच्या बरें होण्याची आशा अधिक त्यालाच नवें औषध देण्याकडे त्याचा कल होतो. मग गुण औषधाचा कीं मूळच्या प्रकृतीचा, हें कळत नाहीं. चिठ्ठी कोणाची भीड धरीत नाहीं. सशक्त व अशक्त, श्रीमंत व गरीब दोन्ही बाजूंस सारखे वांटले जातात, आणि शेवटीं जो फरक उरतो तो बहुतांशीं औषधाचा असतो.

मग असा एक चांगला प्रयोग झाला म्हणजे पुरे नाहीं काय? नाहीं. याचें प्रत्यंतर तुम्हीं वर्गांतच घ्यावें. ४० मुलांनीं प्रत्येकीं एक रुपयाचें नाणें १० वेळां उडवावें. नाण्यांत कांहींहि खोट नसतांना सुमारें सात मुलांस १० पैकीं ७ किंवा अधिक वेळां छाप पडलेला दिसेल. आतां समजा, त्या सात मुलांनींच फळ्यावर आपले आंकडे लिहिले व बाकीचीं गप्प बसलीं. तर वर्गांत येणाऱ्या पाहुण्यास नाणें छापाकडे झुकतें असेंच वाटेल. संशोधनांत नेमकें हेंच घडत आलें आहे. ज्या प्रयोगांत औषध यशस्वी ठरलें ते मासिकांत लौकर छापून येतात. ज्यांत तें निष्फळ ठरलें ते कित्येकदां संशोधकाच्या पेटींतच पडून राहातात. त्या पेट्या म्हणजेच वैद्यकशास्त्राची दफनाची वही होय.

आर्ची कॉक्रन या ब्रिटिश डॉक्टरानें १९७९ मध्यें आपल्या व्यवसायबंधूंस याच गोष्टीबद्दल दोष दिला. प्रत्येक शाखेंतील चिठ्ठ्या टाकून केलेल्या सर्व प्रयोगांचा चिकित्सक गोषवारा कोणीं एकत्र केलेला नाहीं, व तो वेळोवेळीं ताजाहि ठेवलेला नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. त्यांच्या निधनानंतर, १९९३ मध्यें, इयन चामर्स यांच्या पुढाकारानें ऑक्सफर्ड येथें त्यांच्याच नांवानें एक संघटना उभी राहिली. दक्षिण आशियांतील तिचें केंद्र वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत निघालें. १९०० सालीं डॉ. आयडा स्कडर यांनीं एका खाटेच्या दवाखान्यापासून ज्या संस्थेचा आरंभ केला, तीच ही संस्था.

कॉक्रन संघटनेचें बोधचिन्ह मोठें बोलकें आहे. एका वर्तुळांत मध्यें एक उभी रेघ, व तिच्या आजूबाजूस लहानमोठ्या सात आडव्या रेघा. प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक प्रयोग. अपुऱ्या दिवसांचें मूल जन्मणार अशी शंका असतां आईस स्टेरॉइड जातीचें स्वस्त इंजेक्शन दिल्यानें मूल वांचतें काय, हा त्या प्रयोगांचा प्रश्न होता. पहिला प्रयोग न्यूझीलंडमध्यें लिगिन्स व होवी यांनीं १९७२ मध्यें प्रसिद्ध केला. त्या सातांपैकीं बहुतेक रेघा मधल्या उभ्या रेघेस भिडतात. म्हणजे तो एकेक प्रयोग स्वतंत्रपणें पाहिला तर 'निश्चित सांगतां येत नाहीं' असेंच उत्तर देतो. पण सर्वांची बेरीज दाखविणारा लहानसा चौकोन उभ्या रेघेपासून स्पष्ट दूर, औषधाच्या बाजूस आहे. ही बेरीज १९८९ च्या सुमारास मांडली गेली. मधल्या वर्षांत पुरावा विखुरलेला पडून होता, बहुतेक डॉक्टर तें इंजेक्शन देत नव्हते, व जीं मुलें वांचतीं तीं हजारोंनीं गेलीं. बेरीज न करण्याचीहि किंमत असते. ती ज्यांना द्यावी लागली त्यांचीं नांवें कोणत्याहि वहींत नाहींत.

असा आढावा करितात तरी कसा? प्रथम प्रश्न नेमका लिहून ठेवितात: कोणते रोगी, कोणता उपचार, कशाशीं तुलना, व फळ कोणतें मोजावयाचें. हा प्रश्न व कामाची पद्धत आधींच जाहीर करावी लागते, म्हणजे निकाल पाहून मागाहून नियम बदलतां येत नाहींत. मग सर्व भाषांतील, सर्व देशांतील, छापलेले व न छापलेले प्रयोग शोधतात. दोन माणसें एकमेकांस न विचारतां त्यांची निवड करितात, व मतभेद झाल्यास तिसऱ्याचें मत घेतात. चवथें काम पारख करण्याचें: चिठ्ठ्या खरोखर टाकल्या होत्या काय? मधूनच सोडून गेलेल्या रोग्यांचें काय झालें? पैसा कोणीं पुरविला? शेवटीं, जुळण्यासारखे असतील त्यांचा एकत्रित हिशेब करितात. त्यांत मोठ्या प्रयोगास अधिक वजन व लहानास कमी वजन मिळतें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, या उत्तरावर किती भरंवसा ठेवावा हेंहि स्पष्ट लिहितात.

आतां आपल्या महाराष्ट्रांतील उदाहरण घेऊं. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनें गडचिरोली जिल्ह्यांत नवजात बालकांचे मृत्यु मोजण्यास आरंभ केला, आणि १९९५ पासून ३९ गांवांत घरोघर जाऊन बालकांची काळजी घेण्याचा उपक्रम हातीं घेतला. तुलनेसाठीं दुसरीं ४७ गांवें होतीं. गांवांतीलच बायांस शिकवून तयार केलें. बाळास ऊब द्यावी, लागलीच आईचें दूध पाजावें, वजन करावें, श्वास अडल्यास काय करावें, जंतुदोषाचीं चिन्हें कोणतीं, तीं दिसल्यास औषध कसें द्यावें, हें सर्व त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षीं त्या गांवांतील नवजात बालकांचे मृत्यु, तुलनेच्या गांवांचा हिशेब वजा जातां, ६२ टक्क्यांनीं घटले. हा निकाल १९९९ मध्यें 'लॅन्सेट' या साप्ताहिकांत आला व जगभर गाजला.

पण तो एकाच जिल्ह्याचा निकाल होता, आणि गांवांची वांटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. म्हणून इतरांनींहि तसे प्रयोग केले. २००८ मध्यें उत्तर प्रदेशांतील शिवगड येथील प्रयोगांत मृत्यु ५४ टक्क्यांनीं व बांगलादेशांतील सिल्हेट येथील प्रयोगांत ३४ टक्क्यांनीं घटल्याचें प्रसिद्ध झालें. दिल्लीचे बालरोगतज्ज्ञ डॉ. सचदेव व त्यांचे सहकारी यांनीं २०१० मध्यें दक्षिण आशियांतील अशा पांच प्रयोगांचा एकत्रित हिशेब केला. घट ३८ टक्के भरली. २०१६ मध्यें त्यांनींच केवळ चिठ्ठ्या टाकून केलेले प्रयोग घेऊन पुन्हां हिशेब मांडला, तेव्हां ती २५ टक्के भरली.

कोणी म्हणेल, '६२ वरून २५! मग गडचिरोलीचें यश फुगवलेलेंच होतें.' तसें नव्हे. पहिल्या ठिकाणचा उत्साह, शिकवण व देखरेख हजारों गांवांत जशीच्या तशी नेतां येत नाहीं. आंकडा उतरला, परंतु शून्यावर आला नाहीं. निरनिराळ्या प्रदेशांत, निरनिराळ्या हातांनीं केलें तरी चार मृत्यूंपैकीं एक टळतो, हें त्यानें सिद्ध झालें. माझ्या मतें तो लहान आंकडाच अधिक मोलाचा, कारण त्यावर विसंबून राज्यकर्त्यांस योजना आंखतां येते. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनीं २००९ मध्यें नवजात बालकासाठीं गृहभेटींची शिफारस केली, आणि २०११ पासून भारतांत आशाताई हें काम करूं लागल्या. दवाखान्यांत जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं, अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. घरीं जन्मलेल्याकडे पहिल्या दिवशींहि यावयाचें असतें.

आढावा एकदां झाला म्हणजे निवाडा कायमचा झाला असेंहि नाहीं. वर ज्या स्टेरॉइड इंजेक्शनाची गोष्ट सांगितली, त्याचे बहुतेक प्रयोग सुसज्ज दवाखान्यांतले होते. तें खेड्यापाड्यांतहि सर्रास द्यावें काय, हें पाहाण्यासाठीं सहा देशांत सुमारें एक लाख जन्मांचा एक मोठा प्रयोग झाला. त्यांत आपल्या शेजारचें बेळगांव व आपलें नागपूर हींहि होतीं. त्याचा निकाल २०१५ मध्यें छापून आला आणि सर्वांस धक्का बसला. सर्वांत लहान बाळांचे मृत्यु घटले नाहींत. उलट एकंदर नवजात बालकांचे मृत्यु हजारीं सुमारें २४ ऐवजीं २७ झाले. दिवस नीट मोजलेले नसल्यामुळें पूर्ण दिवसांच्या पुष्कळ बाळांच्या आयांसहि इंजेक्शन मिळालें होतें, हें त्याचें एक संभाव्य कारण. मग पांच देशांतील दवाखान्यांत, जेथें दिवसांची खात्री व बाळाच्या शुश्रूषेची सोय होती तेथें, पुन्हां प्रयोग केला. त्यांतहि बेळगांव होतें. २०२० सालचा तो निकाल असा: इंजेक्शन न मिळालेल्या बाजूस शंभरीं २३.५ बाळें दगावलीं, मिळालेल्या बाजूस १९.६. म्हणजे औषध तेंच. परंतु कोठें, कोणाच्या हातून व कोणत्या सोयींसह दिलें, यावर त्याचें गुण-अवगुण ठरले. खरा आढावा अशा मनाविरुद्ध साक्षीस बाहेर काढून देत नाहीं. तिला आंत बसवून घेतो.

कित्येकदां साक्षीदारच थोडे असतात. बारामती व इंदापूरच्या जिरायत भागांत दगडाखालीं लाल विंचू असतो, हें पालकांस सांगावयास नको. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं या विंचवाच्या दंशावर आयुष्य वेंचलें. प्राझोसिन या औषधाचा त्यांचा अनुभव १९८६ मध्यें प्रसिद्ध झाला. पुढें २०११ मध्यें त्यांनीं व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनीं ७० रोग्यांवरील प्रयोगाचा निकाल छापला. नुसतें प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकीं ८ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले; त्यासोबत विंचवाचें प्रतिविषहि दिलेल्या ३५ पैकीं ३२ जण बरे झाले. पुदुच्चेरीच्या जिपमेर रुग्णालयांत मुलांवर केलेल्या प्रयोगाचाहि कल तसाच निघाला. तरी असे प्रयोग मोजके व लहान आहेत, आणि महाडच्या प्रयोगांत कोणास काय मिळालें हें सर्वांस ठाऊक होतें. म्हणून आढावा घेणारा 'आशादायक, पण अधिक प्रयोग हवेत' इतकेंच म्हणेल. ही टाळाटाळ नव्हे, प्रामाणिकपणा आहे. तूर्त आपल्यापुरता धडा साफ आहे: विंचू चावला तर मंत्रांत वेळ न दवडतां मुलास तडक सरकारी दवाखान्यांत न्यावें.

पालकहो, आपण कोणी संशोधक नाहीं. पण तीन प्रश्न कोणालाहि विचारतां येतील. गुण आला त्यांचीं नांवें सांगतां, तर गुण न आलेले किती? औषध न घेतां किती बरे झाले? आणि हें एकाच ठिकाणीं दिसलें कीं अनेक ठिकाणीं? इंग्रजी वाचणाऱ्या मुलांस कॉक्रनच्या आढाव्यांचे सोप्या भाषेंतील सारांश विनामूल्य वाचतां येतात. त्यांनीं ते घरच्या मंडळीस मराठींत समजावून द्यावेत. आजारी माणसाचा उपचार मात्र त्यावरून स्वतः ठरवूं नये. आढावा हजारोंची सरासरी सांगतो. समोरच्या रोग्यास ती कशी लागू पडते, हें डॉक्टरांसच विचारावें.

गेल्या हिवाळ्यांत माझ्या त्याच बहिणीची धाकटी लेंक बारामतीस बाळंत झाली. तिसऱ्या दिवशीं मी भेटावयास गेलों, तों आशाताई नुकत्याच आलेल्या. त्यांनीं बाळाचें वजन केलें, पायांस हात लावून ऊब पाहिली, डोक्यास टोपडें घातलें, बाळ पितें कसें हें आईजवळ बसून पाहिलें, आणि न्हाऊं घालण्याची घाई करूं नका, असें दोनदां बजाविलें. माझी बहीण कोपऱ्यांत बसून ऐकत होती. आशाताई गेल्यावर तिनें हळूच विचारलें, "बाबू, हें त्यांना कोणीं सांगितलें रे?"

मी तिला गडचिरोलीचीं गांवें सांगितलीं, शिवगड सांगितलें, सिल्हेट सांगितलें. कोठें कोठें कोणीं कोणीं मेलेलीं मुलें मोजलीं, तेंहि सांगितलें. ती पुष्कळ वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "म्हणजे आपलें बाळहि कोणीं तरी मोजायला हवें होतें."